सड्यावरची चित्रं वाचवायची आहेत? रविवारचा बेत आधी थांबवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळमाळावर, जांभ्या कातळात खोदलेली चित्रं आहेत: एक माणसाची आकृती, दोन मासे आणि एक नक्षीची चौकट. मंडळातल्या मुलांनी ठरवलंय की येत्या रविवारी सगळ्यांनी वर जायचं, तारेच्या ब्रशने शेवाळ घासून काढायचं, रेषांत चुना भरायचा, व्हिडिओ करून सगळीकडे पाठवायचा आणि मग वर्गणी काढून कुंपण घालायचं. म्हातारी माणसं म्हणतायत, सरकारला कळलं की जमीन गेली, गप्प बसा. यातलं काय ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

रविवारी जरूर जा, पण मोकळ्या हाताने जा. ब्रश नको, चुना नको, फावडंही नको. मुलांचा उत्साह मला मोलाचा वाटतो, त्याच्याशिवाय काहीच वाचणार नाही. पण मी गेली वीसेक वर्षं कोकणातल्या सड्यांवर नोंदणीचं काम करतोय, आणि चित्रांचं जे नुकसान मी जवळून पाहिलंय त्यातलं बरंचसं त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच केलंय. त्यात मीही आहे.

सुरुवातीच्या काळात आम्हीसुद्धा खडू भरायचो. फोटोत रेषा उठून दिसायला हवी, हा एकच विचार. एका सड्यावर एका जनावराच्या आकृतीत मी स्वतः खडूने रेषा ओढल्या. शेपटी जिथे संपते असं मला वाटलं तिथे हात थांबवला आणि खालच्या एका नैसर्गिक भेगेला पाय समजून तीही पांढरी केली. तो फोटो पुढे बऱ्याच जणांनी वापरला. चार वर्षांनी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तीच आकृती पाहिली तेव्हा कळलं की शेपटी आणखी वीतभर पुढे जाते आणि तो पाय नाहीच. तोवर माझं चुकीचं वाचन लोकांच्या डोळ्यांत पक्कं बसलं होतं. खडू पावसात गेला, पण ती चूक राहिली. नॉर्वेतल्या आल्टा इथे पर्यटकांना दिसावीत म्हणून कोरीव चित्रं लाल रंगाने रंगवली होती. आता तोच रंग काळजीपूर्वक काढायचं काम त्यांना करावं लागतंय. आपण तिथवर जायलाच नको.

चुन्याला आणि ब्रशला विरोध करण्याचं दुसरं कारण दगडातच आहे. जांभा हा लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरलेला, सच्छिद्र दगड. चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे ठोकळे, काढणाऱ्या कोणालाही विचारा, खालचा दगड ताजा असताना मऊ कापतो आणि हवेला लागून कडक होतो. सड्याचा वरचा थर असाच हजारो वर्षं ऊन-वारा खाऊन टणक झालेला असतो आणि चित्रं त्याच थरात आहेत. ती काही इंच खोल असोत की बोटाच्या पेरभर, तारेचा ब्रश त्या कडांचे कण उचकटतो. एकदा वरचं कवच फुटलं की खालचा मऊ भाग उघडा पडतो. मग रत्नागिरीकडचा तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस उरलेलं काम करतो. शेवाळ दिसायला वाईट असतं, मान्य. पण पावसाळ्यानंतर त्यातलं बरंचसं आपोआप वाळून जातं. जे चिकटून राहतं ते काढायचं की नाही, कशाने काढायचं, हे जतनशास्त्र शिकलेल्या माणसाने जागेवर येऊन ठरवायचं असतं. तोवर सुकलेला पाचोळा हाताने उचला, मऊ कुंच्याने माती बाजूला सारा, बस.

मग रेषा दिसणार कशा? सकाळी सूर्य वर आल्यापासून तासाभरात किंवा मावळतीला जा. ऊन आडवं पडलं की रेषेच्या एका काठाला सावली येते आणि भर दुपारी सपाट वाटणारा कातळ बोलायला लागतो. अंधार पडल्यावर बॅटरी जमिनीलगत आडवी धरून हळूहळू फिरवली तर दिवसा न दिसलेल्या रेषाही दिसतात. गावातल्या मुलांना हे एकदा करून दाखवा, नंतर चुन्याचं नाव कोणी काढणार नाही.

आता तुमच्या पत्रातला एक शब्द. तुम्ही लिहिलंय की चित्रं मंडळाला "सापडली". सड्यावर गुरं घेऊन जाणाऱ्या माणसाला विचारलंत का? माझा अनुभव असा की सड्यावरच्या बहुतेक चित्रांना गावात आधीच नाव असतं. मालवण तालुक्यातल्या कुडोपीला त्या जागेचं नावच "बावल्यांचे टेंब" आहे. बावल्या म्हणजे बाहुल्या. अभ्यासक तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी गावाने चित्रं पाहिली होती, म्हणून तर नाव पडलं. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळची चित्रं १९९३ साली पुरातत्त्व खात्याच्या नोंदीत आली, तीही स्थानिक माणसांनी वाट दाखवली म्हणून. रत्नागिरी-राजापूरकडे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या अभ्यासकांनी इतकी ठिकाणं नोंदवली, ती गावोगाव फिरून, म्हाताऱ्यांशी आणि गुराख्यांशी बोलून. पांडवांनी एका रात्रीत काढलेली चित्रं, राक्षसाचा पाय, देवाचा पट, अशा नावांच्या मागे चित्रं निघतात.

म्हणून पहिलं काम चौकशीचं. सड्यावर रोज जाणारी माणसं कोण? गुराखी, गवत काढायला आणि लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायका, चिरेखाणीवरचे कामगार, रात्री शिकारीच्या वाटा ठाऊक असलेले म्हातारे. यांना घरी जाऊन भेटा, सभेला बोलावू नका. सभेत ही माणसं बोलत नाहीत. बायकांना तर मुद्दाम विचारा. एका गावात आम्ही तीन दिवस सडा पायाखाली घातला आणि दोन आकृत्या मोजल्या. चौथ्या दिवशी गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या एका आजींनी सहज विचारलं, "त्या तळीकडचो मासो बघलास?" ती तळी आम्ही पाहिली होती, मासा पाहिला नव्हता. त्यांनी सांगितलेली नावं आणि कथा जशाच्या तशा, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. "पांडवांची चित्रं" हे पुराव्याच्या अर्थाने खरं नाही, पण गावाने ती जागा कशी आठवणीत ठेवली याचा तो खरा दस्तऐवज आहे. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रकान्यात ठेवता येतात.

आता म्हाताऱ्यांच्या भीतीकडे येतो. ती हसण्यावारी नेऊ नका, कारण सगळं काम इथेच अडतं.

चित्रं बहुधा खाजगी जमिनीत असतात, आणि कोकणातला सातबारा तुम्हाला ठाऊकच आहे: एका गटावर वीस-तीस सामाईक खातेदार, त्यातले निम्मे मुंबईत, काहींची वारसनोंदही झालेली नाही. या लोकांना न विचारता तुम्ही तिथे फलक लावलात, तर उद्या त्यांच्यातलाच कोणी रागाने जेसीबी चालवेल. असं मी पाहिलंय. मालकाला चित्राचा राग नव्हता. आपल्या जमिनीचा निर्णय दुसऱ्यांनी परस्पर घेतला, याचा राग होता. त्यामुळे आधी गट नंबर काढा, खातेदारांची यादी करा आणि गणपतीत किंवा शिमग्याला, जेव्हा चाकरमानी गावात असतात, तेव्हा त्यांना सड्यावर घेऊन जा. कागद नंतर. आधी संध्याकाळच्या उन्हात चित्र दाखवा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा. स्मारक संरक्षित जाहीर झालं म्हणजे जमिनीची मालकी आपोआप सरकारकडे गेली, असं होत नाही. जाहीर करण्यापूर्वी प्राथमिक अधिसूचना निघते आणि हरकत घ्यायला दोन महिन्यांची मुदत असते. मात्र त्या जागेत खोदकाम, बांधकाम, फोडतोड यांवर बंधनं येतात, हे मालकाला स्पष्ट सांगायलाच हवं. लोकांनी ऐकलेलं "शंभर मीटर, दोनशे मीटर" हे केंद्रीय संरक्षित स्मारकांबद्दलचं आहे. २०१० च्या दुरुस्तीने अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आलं. तुमच्या जागेला कोणता कायदा लागेल, हद्द किती धरतील, वहिवाटीच्या वाटेचं आणि चराईचं काय होईल, हे प्रश्न लिहून काढा आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या रत्नागिरी कार्यालयाला पत्राने विचारा. उत्तर लेखी घ्या आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवा. "काही होणार नाही हो" असं तोंडी आश्वासन कोणालाही देऊ नका. ते तुमच्या हातात नाही, आणि एकदा खोटं ठरलं की गाव पुन्हा ऐकणार नाही.

खरी घाई मात्र वेगळ्याच गोष्टीची आहे. कुंपण, फलक, पर्यटन या सगळ्याआधी एक पाहा: त्या गटावर किंवा शेजारच्या गटावर चिरेखाणीचा परवाना मागितलाय का? आंब्या-काजूच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे घ्यायचं कोणाच्या मनात आहे का? ट्रक जायला नवा रस्ता आखलाय का? सडा संपतो तो असा. पावसाला जे काम करायला शेकडो वर्षं लागतात, ते चिऱ्याचं यंत्र एका सकाळी करतं, आणि तो चिरा कुठल्यातरी घराच्या भिंतीत जातो.

खाण घालणारा गावाचा शत्रू आहे, असं समजून गेलात तर हराल. अनेक घरांत मुलीचं लग्न, घराचं छप्पर, आजारपण त्या पैशावर निघालेलं असतं. मी बोलायला बसतो तेव्हा "खाण बंद करा" असं म्हणत नाही. नकाशा पुढे ठेवतो, चित्रांभोवती एक रेषा काढतो आणि विचारतो की खाण इकडे न सरकता तिकडे सरकली तर कोणाचं किती जातं? बऱ्याचदा उत्तर असतं, फारसं नाही. दगड दोन्हीकडे सारखाच असतो. एकदा तर खाणवाल्यानेच स्वतःच्या यंत्राने थांबायची खूण करून दिली, कारण त्याच्या कामगारांनी आधीच एक आकृती पाहिली होती आणि त्यांचा हात पुढे जाईना. पण प्रत्येक वेळी असं होत नाही. म्हणून बोलणं चालू असतानाच गट नंबर, अक्षांश-रेखांश आणि फोटोंसह पत्र तहसीलदारांकडे आणि पुरातत्त्व कार्यालयाकडे देऊन पोच घ्या. परवाना देणाऱ्या टेबलावर तो कागद आधीपासून असणं फार महत्त्वाचं असतं. कागदाचं वजन राजापूर तालुक्यातल्या बारसूला दिसलं. कोकणातली नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली (सात रत्नागिरी जिल्ह्यातली, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक), त्यात बारसू होतं. पुढच्याच वर्षी रिफायनरीसाठी तिथल्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा चित्रांचं काय, हा प्रश्न विचारता आला. नोंद आधीच झालेली होती म्हणून.

तर मुलांच्या उत्साहाला काम द्यायचं ते नोंदणीचं. यासाठी पदवी लागत नाही, शिस्त लागते. प्रत्येक आकृतीला क्रमांक. लांबी, रुंदी, रेषेची खोली टेपने मोजून. फोटो दोन प्रकारचे: एक मोजपट्टी ठेवून, एक तिच्याशिवाय. भोवतालचा सडा दिसेल असा एक लांबचा फोटो हवाच, नाहीतर पाच वर्षांनी ती जागा तुम्हालाच सापडणार नाही. हल्ली साध्या मोबाईलनेही त्रिमिती नमुना करता येतो: आकृतीभोवती फिरत, प्रत्येक फोटोचा निम्म्याहून बराच जास्त भाग आधीच्या फोटोत येईल असे पुष्कळ फोटो घ्यायचे आणि संगणकावर जोडायचे. मोठ्या आकृतींना उंचावरूनच पाहावं लागतं. कशेळी गावच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, पोटात आणि भोवती इतर लहान प्राणी कोरलेत. त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण कशावर उभे आहोत हे कळतही नाही. दिशेची नोंद करताना होकायंत्रावर आंधळा विश्वास ठेवू नका. जांभ्यात लोह आहे, काही जागी सुई हलते. देवाचे गोठणे या गावी तर चित्राजवळ होकायंत्र उघडउघड चुकीची दिशा दाखवतं, आणि तिथे जाणारे लोक ते मुद्दाम पाहतात. सूर्यावरून किंवा उपग्रह नकाशावरून दिशा ताडून घ्या.

मला विचाराल तर गाव करू शकेल असं सगळ्यात मोठं काम याच्याही पुढचं आहे, आणि ते सगळ्यात कंटाळवाणं आहे. वर्षातून दोनदा, पाऊस संपल्यावर आणि मे अखेरीला, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, दिवसाच्या त्याच वेळी तोच फोटो. दहा वर्षं. तज्ज्ञ येतो, दोन दिवस राहतो, जातो. कड कुठल्या पावसाळ्यात झिजली, भेग कधी रुंदावली, हे फक्त तिथे राहणाऱ्यालाच कळू शकतं. शाळेतल्या सातवीच्या वर्गाकडे हे काम द्या. दरवर्षी नवी मुलं, जुनी वही. ती वही पुढे कोणत्याही अहवालापेक्षा मोलाची ठरेल असं मला मनापासून वाटतं.

कुंपणाबद्दल. कातळात भोक पाडून खांब रोवू नका, सिमेंट ओतू नका. पागोळीसारखं पाणी एका जागी पडेल असं छप्पर तर अजिबात नको. सड्यावर पाणी कुठून वाहतं हे एक अख्खा पावसाळा बघा आणि मगच गडगा घाला: बिनसिमेंटचा, चिऱ्यांवर चिरे रचलेला, चित्रांपासून पुरेसा लांब, पाण्याला वाट ठेवणारा. असा गडगा चुकला तर काढता येतो. चिरे त्याच सड्याचे काढू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या उक्षीच्या गावकऱ्यांनी हत्तीच्या चित्राभोवती चिऱ्यांचं गोल बांधकाम करून वरून बघायची सोय केली आहे. तिथे एकदा सगळ्या मंडळाला घेऊन जा आणि ते कसं जमलं, कोणी आडकाठी केली, हे तिथल्या माणसांकडूनच ऐका. वणव्याचंही लक्षात ठेवा. वाळलेलं गवत चित्रावर पेटलं की तापलेल्या कातळाचे पापुद्रे उडतात. माघ-फाल्गुनाच्या आधी भोवतालचं गवत विळ्याने कापून लांब न्या. जाळू नका, तणनाशक मारू नका. श्रावण-भाद्रपदात तोच सडा रानफुलांनी भरतो, दीपकाडीसारखी कोकणच्या कातळाशी बांधलेली झाडं तिथेच असतात. चित्रं वाचवताना ती मारायची नाहीत.

व्हिडिओचा बेत तूर्त बाजूला ठेवा. जागेचा ठावठिकाणा पसरला की पहिल्या सुट्टीत गाड्या थेट कातळावर येतात, बुटांनी रेषा तुडवल्या जातात, कोणीतरी बाटलीतलं पाणी ओततो, कोणी आपलं नाव कोरतो. आधी गाडी थांबायची जागा, चालायची वाट आणि सोबत जाणारा गावातला माणूस ठरू द्या. त्या माणसाला मोबदला मिळाला पाहिजे आणि जमीनमालकालाही वाटा मिळाला पाहिजे. हे ग्रामसभेच्या ठरावात आकड्यासह लिहा. ठरावात गट नंबर, चित्रांची संख्या, काय करायचं नाही याची यादी, आणि समितीत मालकांपैकी दोघे, एक गुराखी, दोन बायका आणि शाळेतले गुरुजी किंवा बाई एवढं तरी असू द्या. मानकऱ्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. राजापूर तालुक्यातल्या देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळचं चौकोनी चित्र गावाच्या देवकार्याशी जोडलेलं आहे. जिथे असं नातं आहे तिथे रखवालदार नेमावा लागत नाही. तुमच्याकडे चौकटीपाशी नारळ ठेवायची प्रथा असेल तर ती मोडायला जाऊ नका, नारळ कातळावर न फोडता बाजूला फोडा एवढंच सांगा.

आलेल्या पाहुण्याला काय सांगायचं, याचीही तयारी करा. "ही किती वर्षांची?" हा पहिला प्रश्न असतो. दगडात खोदलेल्या रेषेत कार्बन चाचणीला लागणारा सेंद्रिय अंश नसतो, म्हणून थेट वय काढणं अवघड आहे. अभ्यासकांचे अंदाज मध्याश्मयुगापासून, म्हणजे दगडी हत्यारं वापरणाऱ्या शिकारी माणसांच्या काळापासून, इतिहासकाळाच्या सुरुवातीपर्यंत पसरलेले आहेत. तेवढंच सांगा. काही ठिकाणी गेंडा आणि पाणघोडा कोरलेला दिसतो, आज कोकणात हे प्राणी नाहीत, हे सांगितलं की ऐकणारा स्वतःच विचार करायला लागतो. परग्रहवासीयांच्या गोष्टी सांगून गर्दी वाढेल, पण त्या चित्रं काढणाऱ्या माणसांना आपणच पुसून टाकू.

तर या रविवारी चौघेच जा. एक गुराखी, एक खातेदार, मुलांपैकी दोघे. दुपारी चारला चढा, ऊन उतरेपर्यंत थांबा, अंधार पडला की बॅटरी आडवी धरा. माशांच्या आसपासचा कातळ नीट पाहा, दोन मासे आहेत तिथे आणखी काहीतरी असण्याची शक्यता बरीच असते. दिसलं तर मोजा, फोटो काढा, आणि सोमवारी तलाठ्याकडून त्या गटाचा सातबारा काढून घ्या. त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते कळवा, पुढचं पत्र कोणाला आणि कसं लिहायचं ते त्यावरून ठरवू.